‘आर्मी ऑफ शॅडोज’: आपल्या आक्षेपाविषयी

सप्रेम नमस्कार.

‘आपल्याच बाईला गोळ्या घालणारे क्रांतिकारक दाखवून या चित्रपटाने स्वातंत्र्यसैनिक आणि गुंड यांना एका पंगतीला बसवले, आणि बेचाळीसच्या लढ्यात पेटलेल्या चिमूर-आष्टीच्या मुलखात राहून तुम्ही त्याची भलामण करता,’ असा ‘आर्मी ऑफ शॅडोज’ या फ्रेंच चित्रपटाविषयीच्या आपल्या प्रतिक्रियेचा आशय आहे. (१९६९ साली पॅरिसमधील काही समीक्षकांनी याच चित्रपटावर फ्रान्सचे युद्धकालीन नेते द गॉल यांचे गोडवे गायल्याचा, म्हणजे नेमका उलटा, ठपका ठेवला होता.)

दिग्दर्शक मेलव्हिल स्वतः दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत होते, आणि चित्रपट याच चळवळीचा आहे. त्यात चळवळीतल्या तिघांना मार्सेय शहरातील एका घरात फितूर तरुणाला संपवायचे असते. पण शेजारी नवे बिऱ्हाड आल्याने पिस्तूल चालवता येत नाही, घरात सुरी सापडत नाही आणि अखेर टॉवेलने गळा आवळावा लागतो. तिघांपैकी एकानेही पूर्वी असे काम केलेले नसते, आणि त्यांची ती अवस्था कॅमेरा झाकत नाही. सराईत गुंडांचा प्रसंग असा चित्रित होत नाही.

आपण म्हणता ती बाई, म्हणजे चळवळीतली मातिल्द, हिचा पेच याहून अवघड आहे. मुलीचा फोटो जवळ बाळगू नये, असे बजावूनही ती तो टाकत नाही. पकडली गेल्यावर साथीदारांची नावे सांगितली नाहीत तर मुलीला वेश्यागृहात धाडू, अशी धमकी जर्मन तिला देतात. तिच्यापुढचा प्रश्न फ्रान्स की जर्मनी असा नाहीच. साथीदार की लेक, एवढाच आहे. बेचाळीसचा उठाव दडपताना चिमूरमधील स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले, हे आपण जाणताच. तेव्हा बाईमाणसाला वेठीस धरून चळवळ मोडण्याची ही रीत आपल्याला परकी वाटू नये. शिवाय १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टीत जमावाच्या हातून जे सरकारी नोकर मारले गेले, तेही आपल्याच देशाचे होते. हे सांगितल्याने त्या लढ्याला उणेपणा येतो, असे मला वाटत नाही.

आता गोळ्यांविषयी. जर्मन मातिल्दला सोडतात, तेव्हा ती नावे सांगेल या भीतीने साथीदार तिला मारायचे ठरवतात. मातिल्दने आजवर अनेकांना वाचवलेले असल्याने बिझों हा साथीदार तिला मारायला साफ नकार देतो. तेव्हा म्होरक्या जार्दी म्हणतो की, ती कैदेतून बाहेर आली ती साथीदारांनी तिला संपवावे म्हणूनच. बिझोंला हे पटते. मात्र नंतर, ऐकायला फक्त चित्रपटाचा नायक जर्बिए असताना, तो केवळ अंदाज असल्याचे जार्दी कबूल करतो आणि तरीही मारेकऱ्यांच्या मोटारीत स्वतः जाऊन बसतो. आपला राग या युक्तिवादावर असेल, तर तो मलाही मान्य आहे. चित्रपटानेही त्याला कुठे खरा ठरवलेले नाही.