काइल हाइन्सची कारकीर्द अपयशाची होती काय?

अमेरिकन सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, सहसा संघातला सर्वांत उंच खेळाडू, युरोपात खेळायला जातो तो एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, नाकारल्यामुळेच, म्हणून त्याची तिथली कारकीर्द कितीही बहरली तरी ती दुय्यमच मानावी, असे मत बास्केटबॉलच्या चाहत्यांमध्ये सर्रास फिरत असते. नाकारलेला खेळाडू मुळात कमी गुणवत्तेचा असतो, युरोपातला खेळ इतका सोपा आहे की उंच माणूस बास्केटखाली उभा केला तरी भागते, असे खेळाडू पैशासाठी दरवर्षी क्लब बदलत हिंडतात आणि त्यांचे आकडेही किरकोळ असतात, अशी चार कारणे त्यासाठी दिली जातात. एनबीए ही जगातली सर्वांत दर्जेदार स्पर्धा आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण त्यावरून काढलेले हे चारही निष्कर्ष चुकीचे आहेत. ते तपासायला काइल हाइन्स या अमेरिकन सेंटरइतके चांगले उदाहरण दुसरे नाही, कारण तो एनबीएत एकही सामना खेळला नाही आणि युरोलीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेचे विजेतेपद मात्र त्याने चार वेळा मिळवले.

नाकारला गेला म्हणजे कमी गुणवत्तेचा, हा मुद्दा आधी घेऊ. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेकडून खेळताना हाइन्सने दोन हजारांहून अधिक गुण आणि एक हजाराहून अधिक रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणे) नोंदवले होते, तरीही 2008 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, त्याचे नाव पुकारले गेले नाही. त्या ड्राफ्टमध्ये निवड साठच खेळाडूंची झाली आणि एनबीएच्या तीस संघांमध्ये नियमित कराराच्या जागा संघामागे पंधरा, म्हणजे एकूण साडेचारशे. त्या जागांवर आधीच करारबद्ध असलेले खेळाडू बसलेले असतात आणि उरलेल्यांसाठी जगभरातून चढाओढ चालते. त्यात हाइन्सची उंची जेमतेम 198 सेंटिमीटर होती, आणि त्या काळच्या एनबीएत एवढ्या उंचीचा सेंटर ही कल्पना फारशी कुणाला पटणारी नव्हती. संघव्यवस्थापकांनी त्याचे शरीर मोजले आणि प्रश्न तिथेच संपवला. एका ठरावीक साच्यात तो बसत नव्हता, एवढेच त्या निर्णयावरून सिद्ध होते. त्याला खेळ येत होता की नाही, याचा निवाडा त्यात कुठेच नाही.

दुसरा मुद्दा सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. एनबीएत बचाव करणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याला प्रत्यक्ष अडवत नसेल, तर त्याला बास्केटखालच्या पेंटमध्ये, म्हणजे आखून दिलेल्या आयताकृती भागात, तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ थांबता येत नाही. युरोपात वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांत बचावपटूवर असे बंधन नाही. परिणामी तिथले उंच खेळाडू बास्केटसमोर ठाण मांडून बसतात, तीन गुणांची रेषाही एनबीएपेक्षा जवळ, 6.75 मीटरवरच असल्यामुळे बाकीचे बचावपटू जवळ राहतात आणि पेंटमध्ये शिरायला वाट म्हणून मिळत नाही. शिवाय एनबीएतल्या सहाऐवजी पाचव्या फाउललाच खेळाडू बाहेर जातो, आणि फाउलचा सर्वाधिक धोका सेंटरलाच असतो. स्पेनच्या रिआल माद्रिदचा सेंटर एडी तावारेस 221 सेंटिमीटर उंच आहे. त्याच्यासमोर 198 सेंटिमीटरच्या माणसाने सेंटर म्हणून उभे राहायचे, तर नुसत्या उंचीवर भागण्याचा प्रश्नच येत नाही.

हाइन्स तिथे टिकला तो कसा, हे एका साध्या चालीतून दिसते. प्रतिस्पर्धी गार्ड, म्हणजे चाली रचणारा चपळ खेळाडू, चेंडू घेऊन वर येतो, त्याचा सेंटर हाइन्सच्या सहकाऱ्याला स्क्रीन लावतो, म्हणजे अंग आडवे घालून त्याची वाट अडवतो, आणि बहुतेक संघांचा सेंटर अशा वेळी मागे सरकून बास्केट सांभाळतो. गार्डला तेवढीच मोकळीक हवी असते. हाइन्स मात्र सरळ त्या गार्डलाच अंगावर घेई. गुडघे वाकवलेले, छाती गार्डसमोर, हात पसरलेले आणि पावले आखूड, अशा पवित्र्यात तो त्याच्याबरोबर आडवा सरकत राही, आणि चढाईसाठी मिळणाऱ्या चोवीस सेकंदांतले उरलेले क्षण संपत आले की गार्डला तोल सांभाळत कसाबसा चेंडू फेकावा लागे. त्यानंतर रिबाउंडसाठी मागच्या उंच खेळाडूला कंबरेने रोखून धरण्याचे कामही त्याचेच असे. पुढे एनबीएतही बचावात अशी अदलाबदल करू शकणाऱ्या बुटक्या सेंटरना मोल आले, पण तोवर हाइन्सची युरोपातली घडी नीट बसली होती.

पैशासाठी हिंडण्याचा आरोप तर त्याच्या करारांच्या इतिहासापुढे टिकतच नाही. सोळा हंगामांत तो पाच क्लबांकडून खेळला. इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतील वेरोलीकडे दोन हंगाम आणि जर्मनीच्या बाम्बर्गकडे एक हंगाम काढून तो ग्रीसच्या ऑलिंपियाकोसकडे गेला. 2012 मध्ये युरोलीगच्या इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यात हा संघ सीएसकेए मॉस्कोविरुद्ध एकोणीस गुणांनी मागे होता, तरी त्याने तो सामना 62–61 असा खेचून आणला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये उपांत्य फेरीत पुन्हा सीएसकेएलाच हरवून आणि अंतिम सामन्यात रिआल माद्रिदवर 100–88 अशी मात करून त्याने विजेतेपद राखले. सलग दोनदा ज्याच्या संघाकडून मार खाल्ला, त्याच हाइन्सला सीएसकेएने आपल्याकडे घेतले आणि सात हंगाम ठेवले. तिथे 2016 आणि 2019 मध्ये तो आणखी दोनदा युरोलीग जिंकला. मॉस्कोतल्या पहिल्या वर्षी त्याचे प्रशिक्षक असलेले एत्तोरे मेसिना पुढे इटलीच्या ऑलिंपिया मिलानोत गेले आणि 2020 मध्ये, चौतिशीला आलेल्या हाइन्सला त्यांनी तिथे बोलावून घेतले. पैसा अर्थातच होता आणि व्यावसायिक खेळाडूने तो का घेऊ नये? पण अनेक देशांच्या स्थानिक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते, त्यामुळे तशी प्रत्येक जागा क्लबला जपून वापरावी लागते. उपयोग नसलेल्या माणसावर ती सात वर्षे कुणी घालवत नाही.

राहिला आकड्यांचा मुद्दा. युरोलीगमध्ये त्याची गुणांची सरासरी दहाच्या आत होती, हे खरे आहे. पण तिथला सामना अठ्ठेचाळीस नव्हे, चाळीस मिनिटांचा असतो, प्रशिक्षक दहा-अकरा जणांना आलटून पालटून खेळवतात आणि हाइन्सच्या संघांत गुण करण्याचे काम स्पानूलिस, तेओदोसिच, दे कोलो अशा गार्डांकडे होते. त्यांच्यासाठी स्क्रीन लावणे आणि समोरच्या संघाच्या अशाच गार्डांना थोपवणे, हे त्याचे काम होते, आणि गुणांच्या रकान्यात ते उमटत नाही. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू प्रशिक्षकांच्या मतांवरून ठरतो. ज्यांना त्याच्याविरुद्ध चाली आखाव्या लागत, त्या प्रशिक्षकांनी 2016, 2018 आणि 2022 अशी तीन वेळा ही निवड हाइन्सच्या नावावर केली, आणि तिसऱ्या वेळी तो पस्तीस वर्षांचा होता. 2012 पासून 2021 पर्यंत खेळवली गेलेली प्रत्येक फायनल फोर, म्हणजे युरोलीगची शेवटच्या चार संघांची फेरी, तो खेळला. महामारीमुळे 2020 ची रद्द झाली नसती, तर त्या दशकात एकही वर्ष रिकामे जाण्याची शक्यता फार थोडी होती, असे मला वाटते.