‘ब्रेलमध्ये बदलून पाठवा’ हा सल्ला का चुकीचा आहे

४ जानेवारीला, लुई ब्रेल यांच्या जयंतीला, हा संदेश हटकून फिरतो: ‘युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरचिन्हांच्या जागतिक यादीत) आता ब्रेल आहे. तुमचा मराठी मजकूर कन्व्हर्टरमध्ये टाकून ठिपक्यांत बदला आणि अंध मित्राला पाठवा. तो बोटांनी वाचेल, कारण ब्रेल जगभर एकच आहे.’ पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण मी ब्रेलसाठी मराठी मजकूर तपासण्याचं काम करते आणि यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

‘बोटांनी वाचेल.’ मोबाइलची काच सपाट असते. तिच्यावरचे ठिपके फक्त डोळ्यांना दिसतात. अंध माणसाचा फोन स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने, बोलतो. ‘उद्या येतोस का?’ हे साध्या देवनागरीत पाठवलं की तो ते सरळ वाचून दाखवतो. तेच ठिपक्यांत पाठवलं की काही आवाज प्रत्येक चिन्हातल्या ठिपक्यांचे क्रमांक, ‘ठिपके एक-तीन-सहा, ठिपका चार, ठिपके एक-चार-पाच…’ असं म्हणत सुटतात आणि काही चक्क गप्प बसतात. अजून तर ‘उद्या’सुद्धा संपलेलं नसतं!

मित्राकडे ब्रेल डिस्प्ले, म्हणजे फोनला जोडायचं ठिपके उठवणारं उपकरण, असेल, तर त्याच्या पिना वर येतील आणि ठिपके बोटांना लागतील, हे खरं. पण त्यासाठीही आपण काही बदलायची गरज नाही. देवनागरीचं ब्रेल करण्याचं काम स्क्रीन रीडर स्वतःच करतो. त्यासाठीच्या ‘लिबलुई’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठीचा तक्ता आहेच.

‘युनिकोडमध्ये ब्रेल आहे.’ आहे, १९९९ च्या ३.० आवृत्तीपासून. पण तिथे अक्षरं नाहीत, नुसते आकार आहेत. आठ ठिपके, प्रत्येक उठलेला किंवा सपाट, म्हणून एकूण २५६ चिन्हं. पहिल्या ठिपक्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, अशी दुप्पट होत जाते. ‘क’चे ठिपके १ आणि ३, म्हणजे १ अधिक ४, म्हणून ते चिन्ह रिकाम्या चिन्हापासून पाचवं. ते ‘क’ आहे की इंग्रजीतलं ‘के’, हे युनिकोड सांगत नाही. कोणते ठिपके उठले आहेत, एवढंच सांगतं.

म्हणूनच ‘जगभर एकच’ हे सगळ्यात घातक वाक्य. भारतीय भाषांसाठी १९५० च्या दशकापासून भारती ब्रेल आहे. तिच्यात ‘मराठी’ हा शब्द पाच चिन्हांचा: म, र, आ, ठ, ई. हीच पाच चिन्हं इंग्रजी ब्रेल वाचणाऱ्याच्या बोटाखाली गेली, तर तो वाचेल एम, आर, एआर, डब्ल्यू, आयएन (‘एआर’ आणि ‘आयएन’ या अक्षरजोड्यांना इंग्रजी ब्रेलमध्ये एकेकच चिन्ह आहे). त्यातून कुठलाच शब्द होत नाही. आणखी एक गंमत नव्हे, अडचण पाहा: ३-४-५-६ हे ठिपके भारती ब्रेलमध्ये ‘ण’ आहेत आणि अंकापूर्वीची खूणही तीच आहे. संदर्भ असला की वाचक ओळखतो, पण ठिपक्यांतून मजकूर पुन्हा देवनागरीत आणणारं यंत्र इथे अडखळतं.

आणि फुकटचे कन्व्हर्टर? जोडाक्षरावर त्यांची परीक्षा घ्या. ‘पक्का’ संगणकात साठवताना हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) पहिल्या ‘क’नंतर येतो. भारती ब्रेलमध्ये तो ‘क’च्या आधी लिहितात: प, हलन्त, क, क, आ. अक्षरामागून अक्षर बदलणारा कन्व्हर्टर हलन्त मागेच ठेवतो. मग तो दुसऱ्या ‘क’ला चिकटतो आणि ‘पक्का’चं ‘पकक्आ’ होतं. लहान मुलाच्या हाती असा कागद गेला तर त्याला आपलीच चूक वाटते, याचं मला फार वाईट वाटतं. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना तर एकेकच चिन्ह आहे, तेही अनेक कन्व्हर्टर तोडून लिहितात.

कागदावर उठावाचं ब्रेल हवं असेल तरी हे ठिपके पाठवून भागत नाही. एम्बॉसरला, म्हणजे कागदावर ठिपके उठवणाऱ्या छपाईयंत्राला, बहुतेक वेळा बीआरएफ नावाच्या प्रकारची फाइल लागते. तिच्यात सहा ठिपक्यांच्या ब्रेलसाठी साध्या कीबोर्डवरचीच ६४ चिन्हं वापरतात: ‘क’साठी इंग्रजी ‘के’, ‘थ’साठी प्रश्नचिन्ह. डोळ्यांना ती फाइल निव्वळ गोंधळ दिसते, पण यंत्रातून बरोबर ठिपके उठतात. ती तयार करतानाही आम्ही सुरुवात साध्या देवनागरी मजकुरापासूनच करतो.