‘वीगर’ म्हणे खरा उच्चार!

‘उइगुर म्हणू नका, खरा उच्चार वीगर. चिनी लोकही वे-नेच सुरुवात करतात, कारण नाव मुळात त्यांनीच दिलंय. आणि मराठीत लिहायचंच तर घ हवा, स्पेलिंगमध्ये जी-एच आहे!’ अशा अर्थाचा मजकूर चीनच्या वायव्येकडच्या शिनच्यांगमधल्या उइगुर लोकांच्या नावाबद्दल फिरतो आहे. एका दमात तीन दावे, तिन्ही कच्चे.

‘वीगर’ हा इंग्रजी उच्चार. इंग्रजी बोलताना तो खुशाल करावा, कित्येक उइगुरही करतात. पण त्यांच्या स्वतःच्या भाषेत शब्द स्वराने सुरू होतो. ‘होय’ म्हणा, ओच्या जागी उ आणा, ह काढून टाका: उय्. त्याला ‘गूर’ जोडा आणि जोर त्या गूरवर द्या. इंग्रजीने उय्-चं वी केलं, जोरही आधीच्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या आधीच्या तुकड्यावर, ओढला. तुर्की, कझाक, रशियन भाषांत सुरुवातीचा उ शाबूत आहे, जपानीतही ‘उइगुरु’च.

आता चिनी. मँडरिनमध्ये ‘उय्’ असा अवयव नाही, ‘गूर’ही नाही, म्हणून तीन अक्षरं जुळवून ‘वेइ-वू-अर’ केलं. हे लेखन शिनच्यांगच्या प्रांतिक सरकारने ठरवलं १९३४ मध्ये. नाव मात्र मंगोलियातल्या आठव्या शतकातल्या तुर्की शिलालेखांत कोरलेलं आहे. ७४४ ते ८४० तिथे उइगुर खानांचं राज्य होतं, आणि चीनच्या तांग राजघराण्याच्या दरबारचे लेखनिक तेच नाव ‘हुइहे’, ‘हुइहू’ असं आपल्या अक्षरांत कोंबत होते. चिन्यांनी नाव दिलं म्हणणं म्हणजे ‘बॉम्बे’वरून मुंबई आलं म्हणण्यासारखं आहे.

घचा दावा मला सगळ्यात मजेशीर वाटतो, कारण त्याला उत्तर आपल्याच घरात आहे. उइगुर लिपीत या जागी ‘ग़ैन’ हे अक्षर येतं. घशात घासून निघणारा तो ग. त्यात घ-सारखा हकार नाही. रोमन लिपीत तो दाखवायला जी-एच लिहितात, एवढंच. हाच ग़ैन फारसी-अरबीतून मराठीत आला तेव्हा आपण कानावर विसंबलो आणि सरळ ग केला: गरीब, गुलाम, बाग, अफगाण. रोजचा ‘कागद’सुद्धा त्यातलाच. जुन्या कागदांत ‘मोगल’ सापडतो, ‘मोगलाई’ अजून तोंडात आहे. पुढे इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांसमोर आलं आणि मोगलाचा ‘मुघल’ झाला. ‘उइघुर’ त्याच वाटेने आलाय. घचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी ‘अफघाणिस्तान’ आणि ‘काघद’ लिहून दाखवावं.

नुक्ता, म्हणजे अक्षराखाली टिंब, देऊन ‘उइग़ुर’ लिहिलं तर मूळ आवाजाच्या आणखी जवळ जाता येईल. पण मराठीत नुक्त्याची सवय नाही, आणि दिला तरी वाचणारा ग-च म्हणणार. ‘उइगुर’ पुरे.