वहीत लिहिणारा मालक मीच : मिरजेच्या मेडिकल दुकानातून उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत ते असं : आमच्या ॲपवर आईंच्या इन्सुलिनचे पाच नग शिल्लक दिसले म्हणून जयसिंगपूरहून मिरजेला आलात. फ्रिजमध्ये त्याच नावाचे डबे दिसत असताना काउंटरवरचा मुलगा ‘नाही’ म्हणाला. चिठ्ठीतल्या दुसऱ्या औषधासाठी पेशंटचं नाव विचारलं, वर मोबाइल नंबर मागितला. बिलाला पंधरा मिनिटं लागली. आणि दोन-दोन कॉम्प्युटर असताना मालक वहीत लिहीत बसले होते. ‘एवढ्या सिस्टीम असून उपयोग काय?’ असा तुमचा प्रश्न आहे. वहीत लिहिणारा तो मालक मीच.

ॲपवरचा पाचाचा आकडा चुकीचा होता आणि ती चूक आमची. तुमचा हेलपाटा झाला, त्याबद्दल माफी मागतो. तुम्ही गेल्यावर रात्री शटर ओढून मी आणि माझी मुलगी तो आकडा कुठून आला ते शोधत बसलो.

त्या इन्सुलिनची व्हायल, म्हणजे सिरिंजनं औषध काढायची छोटी बाटली येते, तिच्यात एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये घालायचं कार्ट्रिज येतं, त्यात मिलिलिटरला १०० युनिट. नाव एकच, डब्याचा रंगही मिळताजुळता. आमच्या बिलिंगच्या प्रोग्राममध्ये या दोन्हींना वेगळे कोड आहेत, तिथं कधी घोटाळा होत नाही. ॲपची यादी मात्र आम्ही बापलेकीनं दिवाळीच्या सुट्टीत बसून भरली. लांब नावं मोबाइलच्या पडद्यावर तुटायची, म्हणून नावापुढचे ४० आणि १०० हे आकडे आम्हीच काढून टाकले. झालं, दोन वस्तूंची एक वस्तू झाली. तुम्हाला दिसलेल्या पाचांत तीन व्हायल होत्या आणि दोन कार्ट्रिज.

ती दोन कार्ट्रिजसुद्धा तुम्ही येईपर्यंत उरली नव्हती. काउंटरवर बिल झालं की माल त्याच क्षणी वजा होतो, पण ॲपकडे आकडे दिवसातून तीनदाच जातात : सकाळी ९, दुपारी २ आणि रात्री ८. कार्ट्रिज तीनच्या सुमारास गेली. तुम्ही साडेचारला पाहिलंत तेव्हा तुमच्यासमोर दोन वाजताचं दुकान होतं. हे ॲपवर कुठंही लिहिलेलं नव्हतं, ते लिहायला हवं होतं.

मुलाच्या ‘नाही’ला मात्र मी नावं ठेवणार नाही. फ्रिजमध्ये तुम्हाला दिसले ते व्हायलचे डबे. तुम्ही पेन वापरता म्हणालात, म्हणून त्यानं ते दिले नाहीत. ४० च्या व्हायलला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० ला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं तर अडीचपट डोस जातो. उलट केलं तर निम्म्याहूनही कमी जातो आणि साखर का उतरत नाही म्हणून घरचे लोक चक्रावतात. ‘त्याच नावाचं आहे की’ म्हणून त्या दिवशी डबा तुमच्या हातात ठेवला असता, तर आज मला पाच स्टार मिळाले असते. पण त्यानं हे तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं. गर्दी होती, हे कारण पुरेसं नाही.

आता वही. इन्सुलिनचं नाव तुम्ही स्वतः लिहिलंत म्हणून मी इथं त्यावर बोललो. चिठ्ठीतलं दुसरं औषध काय होतं, हे मी चारचौघांत लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की ते शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतलं आहे. १ मार्च २०१४ पासून या यादीतल्या प्रत्येक औषधाची वेगळी नोंद ठेवावी लागते : डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं. ही नोंद तीन वर्षं जपायची आणि औषध निरीक्षकांनी मागितली की दाखवायची. वरच्या दर्जाची बरीच अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधं त्यात येतात. बिलाची नोंद कॉम्प्युटरवर होतेच, तरी मी हे रजिस्टर हातानं लिहितो. वडिलांची सवय म्हणा. शिवाय लाइट गेली तरी वही उघडता येते.

मोबाइल नंबर कायदा मागत नाही. तो आम्ही मागतो, गोळ्या संपत आल्या की आठवणीचा मेसेज पाठवता यावा म्हणून. बऱ्याच वयस्कर पेशंटांना त्याचा उपयोग होतो. पण नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारायचं नसतं, आणि तुम्हाला दोनदा विचारलं गेलं. मुलांना तशी ताकीद दिली आहे.

बिलाच्या उशिराचं कारण साधं आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. जुन्या छापील किमतीची काही पाकिटं रॅकवर होती, त्यांना बिलात नवी, कमी किंमत लावायची. मुलानं चुकीची बॅच निवडली, जास्त किंमत लागली. माझ्या लक्षात आलं तेव्हा बिल रद्द करून पुन्हा केलं. तुमचा वेळ गेला, पैसे मात्र बरोबर घेतले गेले.

राहिला प्रश्न, मुळात कार्ट्रिज एवढी कमी का होती. आमचा ऑर्डरचा प्रोग्राम मागची विक्री बघून किती मागवायचं ते सुचवतो, शेवटचा आकडा मी टाकतो. तो सुचवतो ते सगळंच मी ऐकत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली पाण्यात होती, तेव्हा आमच्याकडून ओआरएस आणि त्वचेची मलमं भराभर गेली. पुढच्या वर्षी ऑगस्ट आला तसा प्रोग्राम तेवढीच मागवा म्हणायला लागला. तेव्हापासून त्याच्या यादीवर पेन्सिल फिरवायची मला सवय लागली आहे. यावेळी ती नडली. तो सहा कार्ट्रिज मागवा म्हणत होता, महागडा माल, २ ते ८ अंशांतच ठेवायचा, म्हणून मी चारच मागवली. इथं प्रोग्राम बरोबर होता आणि मी चुकलो.

ॲपवर आता ४० आणि १०० पुन्हा नावाच्या सुरुवातीलाच टाकले आहेत, म्हणजे तुटलं तरी शेपूट तुटेल. इन्सुलिनसाठी शिल्लक आकडा दाखवणं बंद केलं आहे, तिथं ‘फोन करून खात्री करा’ एवढंच दिसेल. बाकी मालाखाली आकडा किती वाजताचा आहे ते येतं. दर मिनिटाला आकडे पाठवणारी सोय मिळते, पण तिचं वर्षाचं भाडं आमच्याएवढ्या दुकानाला परवडणारं नाही, म्हणून सध्या तरी तीनदाच.

आमचा मुलगा सोमवारी आणि गुरुवारी जयसिंगपूरला माल पोचवायला येतो. आईंची कार्ट्रिज संपायच्या आठ दिवस आधी दुकानात फोन करा. बर्फाच्या पॅकसह घरपोच मिळतील, पोचवण्याचे पैसे घेणार नाही. चिठ्ठी मात्र दाखवावी लागेल. आणि स्वतः येणार असाल तर रविवार टाळा, दुपारी दोनला आम्ही दुकान बंद करतो.