मराठवाड्याच्या अंगणात ग्रीनहाऊस? आधी उन्हाचं बोला

उन्हाळा तोंडावर आला की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरायला लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: परसात किंवा गच्चीवर प्लॅस्टिकचं तयार ग्रीनहाऊस किट बसवा, बाराही महिने घरचं माळवं खा, पाणी नव्वद टक्के कमी लागतं, कीड आत येतच नाही, एकदा बसवलं की दहा वर्षं बघायला नको, आणि वर निम्मं अनुदान. सोबत फोटो असतो तो युरोपातल्या काचघराचा. बाहेर बर्फ, आत लालबुंद टोमॅटो.

त्या बर्फाकडे नीट बघा. हॉलंड-इंग्लंडकडे हिवाळ्यात ऊनही कमी आणि गारठाही मरणाचा, म्हणून आलेलं ऊन अडवून ठेवणारं घर तिथे लागतं. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि पारा चाळिशीच्या पुढे असतो. आपल्याकडे ऊन जास्तच आहे, ते अडवून कुठे ठेवणार?

आता पहिला मुद्दा, बाराही महिने भाजीचा. पारदर्शक प्लॅस्टिकमधून ऊन आत जातं, माती आणि पानं तापतात, आणि तापलेली हवा कोंडून राहते. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हेच होतं. बाहेर ४२ अंश असताना बंद पन्नीच्या आत पन्नाशी सहज गाठली जाते. टोमॅटोचं तर पस्तिशीच्या पुढेच बिनसतं: परागकण निकामी होतात, फुलं गळतात, झाड हिरवंगार दिसतं आणि फळ मात्र धरत नाही. ‘मग शेतातली पॉलिहाऊस, म्हणजे प्लॅस्टिकची मोठी ग्रीनहाऊस, कशी चालतात?’ असं कुणी विचारेल. त्यांची उंची पाच-सहा मीटर असते, माथ्यावर गरम हवा निघून जायला खिडकी असते, बाजूचे पडदे वर-खाली करायला माणूस असतो. शिवाय उन्हाळ्यात आतून शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, ओढलेली असते. सहा-सात फुटी किटमध्ये यातलं काही नाही. आहे ती एक चेनची खिडकी. विकणाऱ्याला म्हणावं, मे महिन्यात दुपारी दोन वाजता आत पंधरा मिनिटं उभं राहून दाखव.

घरच्या बागेला इथे लागते ती सावली आणि वारा. म्हणजे साधी शेडनेट, ३५ ते ५० टक्के ऊन अडवणारी. शेडनेटने हवेचं तापमान फार उतरत नाही, एवढं खरं. पण पानावर आणि मातीवर पडणारा ताप एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी होतो आणि बाजूंनी वारा खेळता राहतो. दुकानदार ७५ टक्क्यांची गळ्यात मारतो, ‘गार वाटते’ म्हणून. माणसाला वाटते; तिच्याखाली मिरची-टोमॅटो मात्र उंच, लुकडे होतात. ती खुर्ची टाकून बसायला ठेवा. नेट डोक्यावर निदान आठ-नऊ फुटांवर ताणा आणि पश्चिमेच्या बाजूने खाली सोडा, कारण दुपारनंतरचं तिरपं ऊनच जास्त भाजतं. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की ती गुंडाळून ठेवायची. तेव्हा झाडांना उलट उजेड कमी पडतो.

पाण्याचा नव्वद टक्क्यांचा आकडा येतो तो मातीविना शेतीतून, जिथे तेच पाणी नळ्यांतून फिरवून पुन्हा वापरतात. घरच्या वाफ्याला वरून प्लॅस्टिक घातल्याने तो लागू होत नाही. वाऱ्याचा आणि उन्हाचा मारा कमी झाला की पाणी थोडं वाचतं, पण ते शेडनेटखालीही वाचतं. ठिबक आणि वाळल्या पाल्याचं आच्छादन केलं तर आणखी. उलट, आतली धग कमी करायला फॉगर (पाण्याचं धुकं उडवणारे फवारे) किंवा ओले पॅड लावले की वाचवलेलं पाणी तिथे उडून जातं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे भाजीला गारवा द्यायला पाणी उडवायचं, हे मला तरी पटत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट संदेशात नसतेच, ती क्षारांची. आपल्या कित्येक बोअरचं पाणी जड. बादलीला पांढरा थर धरतो ते आपण रोज बघतो. उघड्या वाफ्यात साचलेले क्षार पावसाळा धुऊन खाली नेतो. कायमचं छप्पर घातलं की ते धुतलेच जात नाहीत, मातीवर पांढरी खपली येते आणि पानांच्या कडा करपायला लागतात.

‘कीड शून्य’ हे तर सपशेल खोटं. पांढरी माशी रोखायची तर ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) कीटकरोधक जाळी लागते, आणि फुलकिडे तिच्यातूनही शिरतात. जाळी जितकी बारीक तितकी हवा कमी, म्हणजे पुन्हा उकाडा. कोरड्या उकाड्यात लाल कोळी मजेत वाढतो, आणि त्याला खाणारे मित्रकीटक आपणच बाहेर ठेवलेले असतात. मधमाशीही बाहेरच. दोडका, कारलं, दुधी यांची नर-मादी फुलं वेगळी. माशी आली नाही तर सकाळी-संध्याकाळी फुलं उमलतील त्या वेळी हातानं पराग लावत बसा.

दहा वर्षं टिकण्याबद्दल वळवाला विचारा. एप्रिल-मेमध्ये वावधान सुटलं की पत्रे उडतात, तिथे पातळ पन्नीचं काय? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. त्यात आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरवर रोवलेले पाइप हलतात. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या किंवा काँक्रीट भरा. गच्चीवर मात्र स्लॅबला भोकं पाडू नका, पावसाळ्यात ती गळतील; मातीने भरलेल्या ड्रममध्ये पाइप उभे करून कठड्याला बांधा.

अनुदान खरं आहे, पण ते सातबारा असलेल्या शेतकऱ्याच्या शेडनेट-पॉलिहाऊसला, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून. गच्चीवरच्या किटला नाही.

प्लॅस्टिक अगदीच टाकाऊ असंही नाही. जून-जुलैत मिरची-वांग्याची रोपं धो-धो पावसात झोपतात, कुजतात. तेवढ्या ट्रेपुरतं वरून २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म (उन्हात टिकणारं प्लॅस्टिक) आणि चारही बाजू मोकळ्या, एवढं छप्पर कामाचं आहे. हिवाळ्यात परभणीकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा टोमॅटोचं बी उगवायला वेळ लावतं. त्याला तारेच्या कमानींवर रात्रीपुरतं क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर टाकायचं पातळ, हलकं कापड, टाकलं की भागतं. टरबूजवाले शेतकरी ते वापरतात, तालुक्याच्या कृषी केंद्रात मीटरवर मिळतं.