कांदाचोराचे निवेदन

मे महिन्याच्या भर दुपारी शंकरनगर चौकात काही केल्या सुरू न होणाऱ्या गाडीत अडकलेल्या माणसाची नागपूरकरांना एरवी दया येते. पण गाडी लाल रंगाची, दोनच आसनांची आणि जमिनीला टेकलेली असेल, तर त्यांना मनापासून समाधान वाटते. परवा रसवंतीवर उसाचा रस पिऊन परत आलो, किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून एक मरतुकडे ‘टक’ ऐकू आले. माझी पंचवीस वर्षांची स्पोर्ट्‌स कार सकाळी थंड असताना पहिल्या किल्लीला सुरू होते आणि इंजिन तापले की हाच प्रकार करते. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, स्टार्टर मुका.

मेट्रो स्थानकाच्या सावलीत स्कूटर लावून एक काका माझ्याकडे आले. तोंडाला पांढरा दुपट्टा इतका घट्ट गुंडाळलेला होता की फक्त डोळे दिसत होते. चष्मा काढण्यासाठी त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला, तर आधी एक कांदा निघाला. तो त्यांनी माझ्या बॉनेटवर ठेवला. “ऊन लागत नाही यानं,” असा खुलासा करून त्यांनी चष्मा लावला आणि चौकशीला सुरुवात केली.

“किती देते, भाऊ?”

“सध्या काहीच देत नाही.”

“बसाले किती जन?”

“दोन.”

“आन् लेकरं?”

लेकरांना मागून ऑटोने बोलावतो, असे सांगण्याचा मोह मी आवरला. काकांनी बॉनेटला कान लावण्याचा प्रयत्न केला, चटका बसला म्हणून मागे घेतला आणि निदान केले, “पंप जाम झाला असन. आमचा कुलर असाच करते. टक करते आन् बसून राह्यते. हातानं फिरवून द्या एकडाव, धरते मंग.”

हा पंप नसून स्टार्टर मोटर आहे, तिच्यावर सोलेनॉइड असतो, त्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, किल्ली फिरवताच तो लोखंडी गाभा आत ओढतो आणि मगच मोटरला बॅटरीचा मोठा प्रवाह मिळतो, हे मी घाम पुसत, शक्य तितक्या सभ्य मराठीत समजावून सांगितले. काकांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

“म्हंजे पंपच झाला ना जी.”

मग त्यांनी धक्क्याची सूत्रे हाती घेतली. महाविद्यालयात जाणारी दोन पोरे थांबवली आणि मला हुकूम दिला, “तुमी उतरा खाली. वजन कमी होते.” मी उतरलो तर स्टिअरिंग कोण धरणार, असे विचारल्यावर “मी हावो ना” म्हणत त्यांनी दार उघडले, एक पाय आत घातला आणि अर्ध्यावरच अडकले. “यात बसाचं का झोपाचं?” हा त्यांचा प्रश्न, खरे सांगायचे तर, माझ्या पाठीच्या मणक्यांनीही मला अनेकदा विचारला आहे.

चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर 1912 साली कॅडिलॅक गाड्यांना बसला आणि हँडल मारून मनगट मोडून घेण्यापासून मोटारवाल्यांची सुटका झाली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी मी दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून, “जोर लावा ना बे” या घोषात लक्ष्मीभवन चौकाच्या दिशेने ढकलला जात होतो. एक पोरगा दोन्ही हातांनी ढकलत होता. दुसरा एका हाताने ढकलून दुसऱ्या हाताने चित्रीकरण करत होता. क्लच सोडला, गाडीने हिसका दिला, इंजिन धरले आणि बॉनेटवरचा कांदा घरंगळत येऊन वायपरपाशी अडकला. थांबलो तर पुन्हा बंद पडेल, या धास्तीने मी थांबलो नाही. मागून “माहा कांदा!” अशी आरोळी आली. ते चित्रीकरण संध्याकाळपर्यंत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचले. त्यावर मथळा होता : ‘स्पोर्ट्‌स कारमधून कांदा पळवला’. लिफ्टमध्ये लोक अजूनही मला भाजीचे भाव विचारतात.

म्हणून हे निवेदन. कांदा मी चोरलेला नाही. चोरी झाली होती ती साडेचार व्होल्टची. रविवारी पुतण्याला किल्ली फिरवायला बसवून मी मल्टिमीटर लावला. किल्ली फिरवलेली असताना बॅटरीवर 11.9 व्होल्ट होते आणि सोलेनॉइडच्या 50 क्रमांकाच्या टोकावर, म्हणजे किल्लीकडून येणारी तार जिथे लागते तिथे, जेमतेम 7.4. सोलेनॉइड खेचताना क्षणभर भरपूर प्रवाह मागतो आणि तो सारा बॅटरीतून निघून, डॅशबोर्डखाली जाऊन, किल्लीच्या झिजलेल्या संपर्कांतून आणि काळवंडलेल्या जोडण्यांतून पुन्हा इंजिनाकडे येतो. वाटेत प्रत्येक जोडणी आपला वाटा ठेवून घेते. त्यात शेजारी एक्झॉस्टचा पाइप. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्क्याने वाढतो, त्यामुळे साठ अंशांनी तापलेल्या गुंडाळीला त्याच व्होल्टला जवळपास पाचव्या हिश्शाने कमी प्रवाह मिळतो. ज्या शहराने 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंश सोसले, तिथे या गुंडाळीने दुपारी काम नाकारावे, यात तिचा तरी काय दोष?

उपाय म्हणजे चार टोकांचा एक साधा रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारी डबी, आपण हॉर्नला लावतो तसलीच. किल्लीकडून येणारी तार 86 क्रमांकाच्या टोकाला, 85 ला अर्थिंग, बॅटरीपासून फ्यूजमधून आणलेली जाड तार 30 ला आणि 87 पासून थेट सोलेनॉइड. आता किल्लीने फक्त रिलेची इवलीशी गुंडाळी जागी करायची, तीही पाव अँपिअरच्या आत. जड प्रवाह जवळच्या वाटेने जातो. दुकानदाराने “कोणत्या गाडीले?” असे विचारले, तेव्हा मी “जुन्या जीपले” असे सांगितले, कारण स्पोर्ट्‌स कार म्हटले की याच डबीची किंमत तिप्पट होते. ती लावल्यावर त्याच टोकावर 11.2 व्होल्ट दिसले आणि तापलेली गाडी निमूटपणे सुरू झाली.

माझा राग काकांवर नाही. त्यांनी निदान फुकट केले आणि त्यात स्वतःचा कांदा घालवला. राग आहे तो ज्याने मल्टिमीटर न लावताच आधी बॅटरी बदलायला लावली आणि मग “स्टार्टर गेला जी” म्हणत आख्खा स्टार्टर बदलला, त्या मिस्त्रीवर. जुना स्टार्टर परत मागितला, तर भंगारात दिला म्हणाला. काल त्याच्या गॅरेजवरून गेलो. फळीवर रॉकेलने पुसून चकचकीत केलेला एक स्टार्टर ठेवला होता, त्याच्या एका कानाला माझ्या जॅकने पाडलेला टवका होता, आणि तो चालू स्थितीत असल्याची खात्री देऊन मिस्त्री त्याचे साडेचार हजार सांगत होता.