फितीवरचा तारा म्हणजे मारलेला शत्रू? कुणी सांगितलं?

"प्रत्येक भारतीयाला माहीत हवं" अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. त्यात म्हणे, सैनिकाच्या छातीवरच्या रंगीत फितींवर जेवढी बारीक चिन्हं, तेवढे शत्रू त्याने मारले. कोरी फीत म्हणजे माणूस आयुष्यभर कचेरीत बसलेला. फिती जास्त म्हणजे युद्धं जास्त. कमळाचं पान म्हणजे शांतिसेनेत जाऊन आल्याची खूण. आणि ही सगळी चिन्हं बाजारात मिळतात, म्हणून निम्मे मिरवणारे खोटे!

आमच्या घरच्या ग्रुपवर तो येऊन पडला आणि माझ्या भाच्याने निवृत्त हवालदार असलेल्या माझ्या मामांना सगळ्यांदेखत विचारलं, "आजोबा, तुमच्या एकाही फितीवर तारा कसा नाही?" मामांनी हात जोडल्याचा इमोजी पाठवून विषय संपवला. मला तेवढं सौजन्य जमणार नाही.

आधी ते मुडदे मोजण्याचं. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही तिन्ही पदकं 26 जानेवारी 1950 च्या राजपत्रातल्या अधिसूचनेने सुरू झाली, 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरून. नियम तिथेच आहेत. चक्र मिळालेल्याने पुन्हा तशाच तोलाचं शौर्य दाखवलं, तर पदकाच्या फितीला 'बार', म्हणजे धातूची आडवी पट्टी, जोडायचा. आणि पदकाऐवजी नुसती फीत लावलेली असेल, तेव्हा प्रत्येक बारसाठी तिच्यावर एक छोटी प्रतिकृती बसवायची. महावीर चक्राला चक्राचीच, परमवीरला इंद्राच्या वज्राची. (परमवीरचा बार आजवर कुणालाच मिळालेला नाही, तेव्हा ज्यांना त्या फितीवर वज्रांची रांग दिसते त्यांनी डोळे तपासून घ्यावेत.) किती मारले, याचा हिशेब त्या अधिसूचनेत कुठेही मागितलेला नाही. उलट परिचारिकाही या पदकांना पात्र आहेत, असं स्पष्ट लिहिलंय. त्यांनी काय मोजायचं?

महावीर चक्राचा बार फक्त सहा जणांना मिळाला. त्यातले एक आपले जनरल अरुणकुमार वैद्य. 1965 मध्ये पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळच्या लढाईत डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचं नेतृत्व केलं म्हणून चक्र, 1971 मध्ये पश्चिम आघाडीवर चिलखती ब्रिगेड लढवली म्हणून बार. दुसरे हवाई दलाचे जगमोहन नाथ. 1962 आणि 1965, दोन्ही वेळा त्यांनी कॅनबेरा विमान शत्रूच्या मुलखावर नेऊन फोटो काढून आणले. विमानावर शस्त्र नव्हतं, कॅमेरे होते. मेसेजवाल्यांच्या हिशेबाने त्यांच्या चिन्हाखाली किती शत्रू जमा धरायचे?

रामा राघोबा राणे घ्या. मूळचे कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे जखमी अवस्थेत, गोळीबारात काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र मिळालं ते त्याबद्दल. मग ही मोजणी आली कुठून? लढाऊ विमानांच्या अंगावर पाडलेल्या विमानांच्या खुणा रंगवतात, ते कुणीतरी कुठेतरी पाहिलं असावं आणि उचलून माणसाच्या छातीवर चिकटवलं असावं.

आता कोरी फीत, ज्याने मामांना टोचलं. अहो, आपल्याकडच्या बहुतेक सेवापदकांच्या फिती कोऱ्याच असतात! सियाचिन ग्लेशियर मेडलची फीत बघा. 9,000 फुटांच्या वर सेवा केल्याबद्दल मिळणाऱ्या उच्च तुंगता मेडलची बघा. सैन्य सेवा मेडलला 'हिमालय', 'जम्मू-काश्मीर' अशी नावाची पट्टी असते, पण ती पूर्ण पदकावर. रोजच्या गणवेशात छातीवर नुसती रंगीत फीत दिसते. ती कोणत्या पदकाची, ते रंगांवरून ओळखायचं असतं, आणि ते ओळखता येत नसेल तर निदान गप्प बसता येतं.

फिती जास्त म्हणजे युद्धं जास्त, यावर फार वेळ घालवत नाही. 9, 20 आणि 30 वर्षांच्या दीर्घ सेवेची मेडलं आहेत, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वर्षाची आहेत. त्यांच्याही फितीच असतात.

कमळाच्या पानाचं मात्र पार उलटं करून ठेवलंय. ते 'मेन्शन इन डिस्पॅचेस'चं चिन्ह आहे. मोहिमेतल्या विशेष कामगिरीची नोंद झाली की त्या मोहिमेच्या पदकाच्या फितीवर ते पान लावतात. मरणोत्तरही मिळतं.

राहिला बाजार. बरं बाबा, हे अर्धं खरं आहे. छावणीच्या भागातल्या दुकानांत फिती आणि छोटी मेडलं मिळतात. पण तिथे गिऱ्हाईक मुख्यतः फौजीच असतात, झिजलेली फीत बदलायला, मेडलं नीट ओळीत बसवून घ्यायला. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी असलं काही अंगावर घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे, आधी ते भारतीय दंड संहितेचं कलम 140 होतं. एखाद्याच्या शौर्यपदकाबद्दल शंका असेल तर संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघा. भाच्याला मी तीच लिंक पाठवली आहे.